एकर विकण्याआधी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मेहकर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, चार एकर. सोयाबीन अन् तूर. आम्ही ओबीसीत येतो, उत्पन्नाचा दाखला सव्वा लाखाचा आहे. मुलगा छत्रपती संभाजीनगरला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात जाईल. त्याचा प्रवेश सरकारी कॅप (केंद्रीभूत प्रवेश) राउंडमधूनच झाला, तरी कॉलेजनं गेल्या वर्षी पूर्ण फी भरून घेतली. शिष्यवृत्ती आली की परत देऊ म्हणाले. अर्ज अजून पेंडिंगच दाखवतो. यंदा मुलगी बारावी झाली, सीईटीला चांगले पर्सेंटाइल आहेत, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. मामा म्हणतो, पुण्याजवळच्या खासगी विद्यापीठात घाल, तिथं पन्नास टक्के स्कॉलरशिप मिळतेय, तीन लाखांचे दीडच भरायचे. त्यासाठी एक एकर विकावं लागेल. बायको नाही म्हणते. मुलगी म्हणते, दादाचं होऊ द्या, मी इथंच बी.एस्सी. करते. सरकारनं मुलींची फी माफ केली असं ऐकतो, पण कॉलेजात विचारलं तर आधी भरा म्हणतात. मग माफ काय झालं? अन् मुलीला पूर्ण, मुलाला अर्धी, हा न्याय कसा? खरं सांगू का, सरकारपुढं हात पसरायचाही कमीपणा वाटतो. काय करू?
– एक वाचक, जि. बुलढाणा

भाऊ, नमस्कार.

एकर विकू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नको, आणि कॅपची शेवटची फेरी संपेपर्यंत तर मुळीच नको. मामांचा हेतू चांगलाच असेल, पण त्यांनी सांगितलेला सौदा तुमच्यासाठी महाग आहे.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त टोचलेली ओळ मुलीची आहे. दादाचं होऊ द्या, मी इथंच बी.एस्सी. करते. बी.एस्सी. वाईट नाही, पण तिला ती करायची नाहीये. घराचा खर्च वाचवायला ती मागं सरते आहे. आणि गंमत म्हणजे, सध्याच्या नियमांनी तुमच्या घरातलं सर्वांत स्वस्त व्यावसायिक शिक्षण तिचंच होऊ शकतं. मुलाच्या फार्मसीपेक्षाही स्वस्त. कसं ते नीट सांगते, कारण सगळा निर्णय या हिशोबावर आहे.

8 जुलै 2024 रोजी राज्य सरकारनं शासन निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या मुलींना आधी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत निम्मी सवलत होती. ती 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून शंभर टक्के केली. अट अशी की, आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. तुमचा दाखला सव्वा लाखाचा, म्हणजे तो प्रश्नच नाही. सरकारनं या निर्णयाचा वार्षिक भार 906 कोटींच्या आसपास धरला होता. म्हणजे ही नुसती भाषणातली घोषणा नव्हे, तिच्यामागे पैशाची तरतूद आहे.

आता मामांच्या सल्ल्यातली खोच. ही सवलत मुलीला मिळते खरी, पण ती तिनं घेतलेल्या जागेवर अवलंबून असते. शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित आणि कायम विनाअनुदानित महाविद्यालयं, तसंच सार्वजनिक विद्यापीठं, यांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश झाला तरच ती लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला की नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं तर त्या निर्णयातून स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. त्यामुळे तीच मुलगी, तेच पर्सेंटाइल, तोच सव्वा लाखाचा दाखला घेऊन मामांनी सुचवलेल्या विद्यापीठात गेली, तर राज्याकडून तिला शून्य मिळेल.

आणि ती पन्नास टक्के स्कॉलरशिप? भाव त्यांनीच ठरवायचा आणि सूटही त्यांनीच द्यायची, हा दिवाळीतल्या साड्यांच्या सेलचा प्रकार आहे. तीन लाखांचे दीड झाले तरी दीड लाख उरतातच. शिवाय अशा सुटीत पुढच्या वर्षी अमुक सीजीपीए, म्हणजे परीक्षांचा सरासरी गुणांक, राखला तरच, अशी अट बऱ्याचदा असते, आणि ती माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. दर वर्षी फी वाढते ते वेगळंच. चार वर्षांचे किमान 6 लाख धरा. एकर त्यातच जाईल.

आता कॅपमधून एखाद्या साध्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला असं धरू. अशा कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. त्यासाठी 2015 चा कायदा आहे, कॉलेजला मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. समजा एकूण 1 लाख 10 हजार ठरली आहे, त्यात शिक्षण शुल्क 1 लाख आणि विकास शुल्क 10 हजार. मुलीचं शिक्षण शुल्क सरकार भरणार. विकास शुल्क या सवलतीत येत नाही, ते तुम्ही भरायचं. वर अनामत, विद्यापीठाचे किरकोळ आकार वगैरे. म्हणजे वर्षाला दहा-पंधरा हजार. आता मुलाचं बघा. ओबीसी मुलाला शिक्षण शुल्कात निम्मी सवलत. समजा त्याचं शिक्षण शुल्क 90 हजार आणि विकास शुल्क 9 हजार, तर तुमच्या वाट्याला 54 हजार. हे आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या कॉलेजांचे वेगळे असतील, पण त्यांचं आपसातलं प्रमाण असंच राहील. हा हिशोब मुलीसमोर बसून कागदावर करा. ती मागं सरते आहे ती चुकीच्या आकड्यांवर.

म्हणून पसंतीक्रम भरताना कॉलेजच्या इमारतीचे फोटो आणि प्लेसमेंटचे फलक नंतर बघा. आधी ती जागा कॅपची आहे का, संस्था सवलतीत बसते का, आणि प्राधिकरणानं तिची फी किती ठरवली आहे, हे बघा. शासकीय महाविद्यालयं वर टाका, मग अनुदानित, मग विनाअनुदानित. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर तोच प्रवेश पक्का करावा लागतो, म्हणून पहिला क्रमांक विचार करून द्या. शेवटी शेवटी काही कॉलेजांतून फोन येतात, ‘कॅपचं टेन्शन कशाला घेता, थेट या, आम्ही बघून घेतो.’ हे बघून घेणं म्हणजे संस्थास्तरावरचा प्रवेश. फोनवरच विचारायचं, ‘या जागेला शंभर टक्के सवलत लागू होईल असं लेखी द्याल का?’ पुढचं संभाषण बहुधा तिथंच संपतं.

आता तुमचा दुसरा सवाल : कॉलेज आधी भरा म्हणत असेल तर माफ काय झालं?

भाऊ, हा सवाल तुमच्या एकट्याचा नाही आणि तो शंभर टक्के रास्त आहे. आपल्याकडची ही मदत कागदावर सवलत आहे, पण चालते प्रतिपूर्तीसारखी. कॉलेज शिकवतं, सरकार मागाहून पैसे देतं, ते कधी देतं याचा भरवसा नसतो, आणि मधल्या काळाचा बोजा कोणावर टाकायचा यावरून ओढाताण चालते. कॉलेज तो पालकांवर ढकलतं. ज्याच्याकडे रोकड आहे त्याला वर्षभर थांबणं परवडतं. ज्याच्याकडे नाही, तो सावकाराकडे जातो किंवा एकर काढतो. म्हणजे योजना गरिबासाठी आणि ती वापरायला आधी पैसे हवेत, अशी ही गत. मला विचाराल तर राज्यानं आणखी नव्या योजना नाही काढल्या तरी चालेल, आहे ती रक्कम प्रवेशाच्या महिन्यात कॉलेजच्या खात्यात टाकावी. निम्म्याहून जास्त तक्रारी तिथंच मिटतील. कॉलेजचीही बाजू आहे, हे कबूल करते. प्राध्यापकांचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात आणि सरकारची थकबाकी वर्षावर जाते. पण त्यांची थकबाकी तुमच्या सोयाबीनवर वसूल होऊ नये.

मी कॉलेजात शिकवत असताना बरीच वर्षं शिष्यवृत्ती समितीवर होते, तेव्हा पाहिलेलं सांगते. तोंडी मागणी करणारे पालक हेलपाटे घालत राहायचे. लेखी मागणी करणाऱ्यांचं काम हलायचं. पात्र विद्यार्थ्याकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचना शासनानं वेळोवेळी दिल्या आहेत. तेव्हा प्रवेशाच्या दिवशी एक साधा अर्ज सोबत न्या : ‘माझ्या मुलीचा प्रवेश कॅपमधून झाला असून ती 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या शंभर टक्के सवलतीस पात्र आहे. सवलतीव्यतिरिक्त देय असलेले शुल्क मी भरत आहे. सवलतीची रक्कम आगाऊ मागायची असल्यास कृपया तसे लेखी द्यावे.’ दोन प्रती. एकीवर कॉलेजचा आवक शिक्का घ्यायचा. तरीही अडवलं तर तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालकांकडे तक्रार करा. बुलढाणा जिल्ह्याला अमरावती विभाग लागतो, पण तक्रार कॉलेज ज्या विभागात आहे तिथं करायची. फी प्राधिकरणानं ठरवलेल्यापेक्षा जास्त मागत असतील तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे. ठरलेल्या शुल्काच्या वर देणगी मागितली, तर ती 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. एका वेळी एका वर्षाहून जास्त फीही घेता येत नाही. आणि मूळ कागदपत्रं? पडताळणीसाठी दाखवायची, तिथं ठेवून यायची नाहीत. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2018 मध्येच संस्थांना मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला मनाई केली आहे.

हमीपत्राबद्दल मात्र थोडं समजून घ्या. सवलत मंजूर झाली नाही तर मी फी भरीन, अशा मजकुराचं हमीपत्र बरीच कॉलेजं घेतात. ते गैर नाही, वाचून सही करा. कोरा चेक मात्र देऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी.

मुलाच्या अडकलेल्या अर्जाकडे येते. पेंडिंग हा शब्द बघून हताश होऊ नका. त्याला महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतःच्या लॉगिननं जाऊन अर्ज नेमका कोणाच्या टेबलावर आहे ते पाहायला सांगा. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, कारकून कागद तपासतो, मग तो विभागाकडे जातो. कॉलेजपाशीच असेल तर विभागात जाऊन उपयोग नाही. त्रुटीसाठी परत पाठवला असेल तर तो विद्यार्थ्याच्याच खात्यात पडून असतो आणि घरचे मात्र सरकारला दोष देत बसतात. हे फार वेळा होतं. मुलांच्या फोनवर संदेश येतो, ती बघत नाहीत, मुदत निघून जाते. कधी सायबर कॅफेवाल्यानं अर्ज भरताना स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, मग संदेश त्याला जातात.

दुसरी नेहमीची अडचण बँकेची. खात्याला आधार जोडलंय, असं बँक सांगते, ते केवायसीपुरतं असतं. सरकारी पैसा येण्यासाठी त्या खात्याचं आधार एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) यादीत असावं लागतं, ज्याला बँकेत आधार सीडिंग म्हणतात. एका आधारवर असा पैसा एकाच खात्यात येतो. तुमच्या मुलाचं जुनं एखादं शून्य शिलकीचं खातं असेल आणि सीडिंग त्याला असेल, तर पैसे तिकडे जातील किंवा परत फिरतील. बँकेत जाऊन सीडिंग कोणत्या खात्याला आहे एवढंच विचारायचं. दहावीची गुणपत्रिका आणि आधार यांवरचं नाव सारखं आहे ना, तेही पाहून घ्या. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्यावरून अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

रक्कम कॉलेजला मिळाली की तुमच्याकडून घेतलेली तेवढी फी परत करणं त्यांचं काम आहे. गेल्या वर्षीच्या पावत्या जपून ठेवल्यात ना? त्यांच्या प्रती लावून आत्ताच परताव्याचा अर्ज देऊन ठेवा, म्हणजे नंतर आमच्याकडे नोंद नाही हे उत्तर येणार नाही. दुसऱ्या वर्षाचा अर्ज नूतनीकरणाचा असतो, तो वेगळा भरावा लागतो. पहिल्या वर्षाचा पेंडिंग आहे म्हणून दुसऱ्याचा भरायचा राहिला, असं करू नका. आणि चुकूनही दुसरी प्रोफाइल काढू नका. पासवर्ड हरवला तरी जुनंच खातं उघडून घ्या.

मुलीच्या कागदांत जात वैधता प्रमाणपत्र हा सर्वांत वेळखाऊ कागद. प्रस्ताव अजून दिला नसेल तर आज द्या. मुलाचं वैधता झालेलं असेल तर त्याची प्रत जोडली की काम सोपं होतं, कारण रक्ताच्या नात्यातला पुरावा समिती पाहते. नॉन-क्रिमिलेअर (ओबीसीतल्या सधन गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगवेगळे कागद आहेत, एक आहे म्हणून दुसरा लागत नाही असं समजू नका. तहसीलमध्ये दाखला रखडला तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं त्याला मुदत ठरवून दिली आहे, मुदत उलटली की अपील करता येतं. नुसतं अपील करतो म्हटलं तरी बरेचदा दाखला त्याच आठवड्यात निघतो!

इथवर नुसती फी झाली. खरा खर्च पुढं आहे.

गावाकडच्या मुलांसाठी फीपेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च जड जातो, आणि फीमाफीच्या गाजावाजात हा भाग मागं पडतो. पुण्यात खोली, मेस, प्रवास धरून महिन्याला आठ-नऊ हजार सहज जातात. फी शून्य झाली तरी मुलगी पुण्यात शिकणार म्हणजे वर्षाला लाखाच्या घरात खर्च. यासाठी पहिला पर्याय वसतिगृहाचा. कॉलेजचं असेल तर बघाच, पण इतर मागास बहुजन कल्याण विभागानंही जिल्ह्याजिल्ह्यांत मुलामुलींची वसतिगृहं सुरू केली आहेत. प्रवेश पक्का झाला की लगेच अर्ज करायचा, गुणानुक्रमानं जागा भरतात. तिथं जागा नाही मिळाली तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. डिसेंबर 2023 मध्ये आलेली. वसतिगृहाबाहेर राहून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी ती वर्षाला थेट खात्यात रक्कम देते. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत 60 हजार, इतर महापालिका क्षेत्रांत 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार, तालुक्याला 38 हजार. तुमचा दाखला सव्वा लाखाचा असल्यानं उत्पन्नाच्या अटीत तुम्ही बसता. बारावीच्या गुणांची अटही असते, तेवढी पाहून घ्या. अडचण संख्येची आहे. जिल्ह्याला 600 विद्यार्थी, म्हणजे 36 जिल्ह्यांत मिळून 21,600. म्हणून उशीर नको. मुलासाठीही याच कार्यालयात, म्हणजे सहायक संचालक, इतर मागास बहुजन कल्याण यांच्याकडे, चौकशी करा. संभाजीनगरात राहून शिकतो म्हणजे 51 हजारांच्या गटात येईल.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर मुलीचं अमरावती किंवा संभाजीनगरचं चांगलं शासकीय कॉलेज पुण्याच्या मधल्या दर्जाच्या कॉलेजपेक्षा वर ठेवा. भावाबहिणीला एकाच शहरात राहता आलं तर खर्चातही फरक पडेल. पण ही शेवटी तिची पसंती, तिच्यावर लादू नका.

मुलीला पूर्ण, मुलाला अर्धी, याचा न्याय. यावर मी गुळमुळीत बोलणार नाही. मुलीला पूर्ण सवलत देणं योग्यच आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. घरात पैसे कमी पडले तेव्हा मी थांबते असं कोण म्हणालं? मुलानं नाही म्हटलं. त्याला दोष देत नाही, पण आपल्या घरांत काटकसरीची सुरुवात मुलीच्या शिक्षणापासून होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सरकारनं तिची फी उचलली की तो पर्यायच घरातून काढून घेतला जातो. मुलासाठी मात्र अर्धी सवलत तुमच्यासारख्या घराला पुरेशी नाही, हेही तितकंच खरं. सव्वा लाख उत्पन्नाचं घर आणि पावणेआठ लाखांचं घर, दोघांनाही सारखीच निम्मी सवलत. माझ्या मते ही मदत उत्पन्नाच्या पायऱ्यांनी द्यायला हवी : अडीच लाखांखाली मुलगा असो की मुलगी, पूर्ण, आणि वर जाताना कमी होत जाईल अशी. तसं होईपर्यंत मुलाच्या उरलेल्या अर्ध्याची तजवीज आपल्यालाच करावी लागेल.

त्यासाठीही शेत विकायची गरज नाही. शैक्षणिक कर्ज घ्या आणि ते मुलाच्या नावावर असू द्या. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि केंद्राच्या पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंत बँकेला तारण मागता येत नाही. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षण चालू असतानाचं व्याज केंद्र भरतं. त्यासाठी संस्था किंवा अभ्यासक्रम नॅक अथवा एनबीए या राष्ट्रीय संस्थांकडून मूल्यांकन झालेला असावा लागतो, तेवढं कॉलेजात विचारून घ्या. ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे, देशातल्या शिक्षणासाठी 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला. शाखा व्यवस्थापक तोंडी नाही म्हणाला तर शैक्षणिक कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. तिथून केलेल्या अर्जाची नोंद राहते, म्हणून नकारही त्याला नोंदवूनच द्यावा लागतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना मात्र ठरावीक नामांकित संस्थांपुरती आहे, मुलाचं कॉलेज त्या यादीत असेल अशी आशा धरून बसू नका. कमवा आणि शिका योजना कॉलेजात आहे का, तेही त्यानं विचारावं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलं स्वतः काम करून शिकली, आता ग्रंथालयात दोन तास बसायला लाजायचं कारण नाही.

लाजेचा विषय निघालाच आहे तर बोलते. तुम्हाला हात पसरल्यासारखं वाटतं. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या हंटर आयोगापुढं जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी नेमकं हेच मांडलं होतं : सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा त्याचा खर्च मात्र वरच्या, सुखवस्तू वर्गांच्या वाट्याला जातो. राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, कारण खेड्यातल्या मुलाला शाळेच्या आधी राहायला जागा लागते हे त्यांना कळलं होतं. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. यांतल्या कोणी ती भीक मानली नाही. तुम्ही बियाणं घेता, डिझेल घेता, साबण घेता, त्या प्रत्येकावर कर भरता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना खाली मान घालून उभं राहायचं कारण नाही. उलट, कारकुनाला विचारा, अर्ज कधी पुढं पाठवणार?

या आठवड्यात करायची कामं सांगते. मुलाला लॉगिन उघडून अर्ज कुठं अडकलाय त्याचा स्क्रीनशॉट काढायला लावा आणि बँकेत सीडिंग तपासा. मुलीचा वैधता प्रस्ताव आणि नॉन-क्रिमिलेअर मार्गी लावा. मग मामांना बोलवून चहा द्या आणि हिशोबाचा तो कागद मुलीलाच त्यांच्यासमोर वाचायला सांगा. खासगी विद्यापीठानं जागा राखून ठेवण्यासाठी टोकन रक्कम मागितली असेल तर ती अजून भरली नसावी अशी आशा करते. भरली असेल तर प्रवेश रद्द करून परतावा मागताना तारखा महत्त्वाच्या असतात, तेव्हा पावतीचा फोटो लगेच पाठवा, अर्ज कसा लिहायचा ते कळवते.